दोन मिनिटांचं काम

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं १८९२ साली आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्या इंजिनात एकही सेन्सर नव्हता. कल्पना सरळ होती. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती नुसत्या दाबानंच पाचशे अंशांच्या पुढे तापेल. मग तिच्यात इंधन सोडायचं. ठिणगी नको, काडी नको, वीज नको. पुढे २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री हे गृहस्थ इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून नाहीसे झाले. आत्महत्या म्हणावी, अपघात म्हणावा की घातपात, यावर अजून वाद आहे. पुढच्या शंभर वर्षांत आपल्या इंजिनाला लोक काय काय चिकटवणार आहेत याची त्यांना कुणकुण लागली असावी, अशी आणखी एक शक्यता मी नम्रपणे मांडतो.

आपल्याकडे १९५४ साली टेल्कोनं डाइम्लर-बेंझशी करार केला आणि नाकावर तारा मिरवणारे ट्रक घाटातून कण्हत जाऊ लागले. त्या गाड्यांना सेन्सर नव्हते असं नाही. होते, पण ते ड्रायव्हरच्या अंगात बसवलेले होते. इंजिन तापलंय हे त्याच्या डाव्या पोटरीला कळायचं, कारण निम्मं इंजिन केबिनमध्ये त्याच्या शेजारीच बसून प्रवास करायचं. ऑइल कितपत जळालंय हे तो डिपस्टिकवरचा थेंब दोन बोटांत चोळून, नाकाशी नेऊन सांगायचा. शेठनं पावतीवर लिहिल्यापेक्षा माल जास्त भरलाय, हे पहिल्या चढाला इंजिनाच्या सुरावरून समजायचं. बॅटरी लागायची ती फक्त सेल्फ मारायला. ती उतरली असेल तर गाडी उताराला सोडायची, दुसरा गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा. एकदा सुरू झालेलं इंजिन बंद करायला मात्र खास दांडी ओढावी लागायची, कारण बंद पडणं त्याला आपणहून सुचत नसे.

मग धुराचे नियम आले. भारत स्टेज चार हा नियम २०१० साली आधी तेरा शहरांना लागू झाला. त्या यादीत मुंबई-पुण्याच्या जोडीला सोलापूर होतं, आणि सोलापूरकरांनी या गोष्टीची कधी बढाई मारली नाही हा त्यांचा मोठेपणा. १ एप्रिल २०१७ पासून साऱ्या देशाला तो नियम आला. त्याच्या तीनच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जुन्या नियमातली गाडी एक तारखेपासून विकायची नाही, आणि मार्च संपेपर्यंत शोरूमच्या दारात असे डिस्काउंट लागले की ज्यांना गाडी चालवता येत नव्हती तेही भाव विचारून आले.

नव्या नियमात बसायचं तर डिझेल मोजून-मापून जळायला हवं. म्हणून बहुतेक मोठ्या गाड्यांत कॉमन रेल आली. तिच्यात डिझेलचा दाब सोळाशे बारपर्यंत जातो, आणि कुठल्या क्षणी किती डिझेल सोडायचं हे ईसीयू नावाचा एक डबा ठरवतो. हा डबा अत्यंत हुशार आणि पूर्ण आंधळा असतो. पाणी किती तापलं, हवा किती आत आली, रेलमध्ये दाब किती, ऍक्सिलेटरवर पाय किती, हे सगळं त्याला इंजिनावर जागोजागी बसलेले सेन्सर वायरीतून कळवतात. पाण्याचा सेन्सर खोटं बोलला तर गाडी धूर ओकते. ऍक्सिलेटरचा सेन्सर रुसला तर चढावर ती शाळेतून घरी जाणाऱ्या पोरांच्या बरोबरीनं चालते. यांच्यावर काही ना काही तोड निघते. पण क्रँक सेन्सर बोलायचा थांबला की बहुतेक गाड्या जागच्या हलत नाहीत.

त्याचं काम असं. फ्लायव्हीलच्या कडेला किंवा त्याच्या जवळपास एक दातेरी चक्र असतं. बऱ्याच इंजिनांत त्यावर साठ दात्यांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. सेन्सरच्या टोकाशी लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेची गुंडाळी. समोरून दाता गेला की तारेत वीज किंचित थरथरते. अठ्ठावन्न थरथरी आणि एक खंड, यावरून डब्याला पिस्टन कुठं आहे ते समजतं. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर एका अंशाला सेकंदाचा बारा हजारावा भाग मिळतो. डब्याचा हिशेब या मापात चालतो. पिस्टन वर आलाय हे मात्र पुरेसं नाही, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात तो एका कामासाठी दोनदा वर येतो. म्हणून कॅम सेन्सर असतो. बारा वाजले हे क्रँक सेन्सर सांगतो. दुपारचे की रात्रीचे, ते कॅम सेन्सर.

एवढी जबाबदारी वाहणारी ही वस्तू अंगठ्यापेक्षा थोडी मोठी असते. काळं प्लॅस्टिक, एक रबरी ओ-रिंग, धरायला एकच बोल्ट, त्याला दहाचा पाना. मॅन्युअलमध्ये ती काढण्याची कृती जेमतेम एका ओळीची असते: बोल्ट काढा, सेन्सर बाहेर ओढा. मॅन्युअल नव्या इंजिनावरून लिहिलेलं असतं. आठ वर्षं झालेल्या मालवाहू गाडीला सरकार दोन वर्षांऐवजी दरवर्षी फिटनेसला बोलावतं, ते उगीच नाही. तोवर तिनं पावसाळ्याचा चिखल, उसाच्या फडातली धूळ आणि कोकणातली खारी हवा खाल्लेली असते. सेन्सरच्या भोकात गंजाचं कडं धरतं. इंजिनाच्या धगीत ओ-रिंगचं रबर कडक होऊन भिंतीला चिकटतं. आणि आत, जिथं कुणाला दिसत नाही तिथं, त्याच्या चुंबकाला क्लचची आणि दात्यांची लोखंडी भुकटी चिकटत राहते. आठ वर्षांत त्याला दाढी येते. भोकातून आत गेला तेव्हा तो गुळगुळीत होता; बाहेर यायचं म्हटलं तर आता दाढी दारात अडते.

शिवाय त्याची जागा. बऱ्याच गाड्यांत तो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर असतो. तिथं हात पोचतो तर डोळा पोचत नाही, आणि डोळा पोचला तर हात घालायला वाव नसतो. ज्यांनी ही जागा ठरवली त्यांना आयुष्यात एकदा जरी तो भर उन्हात काढायला लावला असता, तर क्रँक सेन्सर आज नंबरप्लेटच्या शेजारी बसलेला दिसला असता.

हे सारं ज्ञान मला ज्या गॅरेजात झालं ते कोल्हापूरहून पुण्याला येताना कराडच्या अलीकडे सर्व्हिस रोडला आहे. गाडी २०१७ ची. मागे आमचा संसार बांधलेला: कपाट, सुटा केलेला दिवाण, फ्रिज आणि कुंडीसकट तुळस. चहाला थांबलेली गाडी चहानंतर सुरू होईना. ड्रायव्हरनं रोग एका वाक्यात सांगितला, “मामा, सेल्फ फिरतोय, पण गाडी उचलत न्हाई.”

मामा मिस्त्री साठीचे. त्यांचा सगळा जन्म बिनसेन्सरच्या, पंपाच्या गाड्यांत गेलेला. त्यांनी इंजिनाकडे न बघता विचारलं, “सेन्सरची गाडी हाय?”

“व्हय.”

मामांनी सुस्कारा सोडला आणि हात पुसले. अजून ते मळलेही नव्हते.

बंद पडलेल्या ट्रकभोवती तज्ज्ञ जमायला वेळ लागत नाही. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक तात्या आले. उसाच्या ट्रॉल्या लावून एक ट्रॅक्टरवाला थांबला. चहावाला गाळणीसकट आला. कानात वायरी घातलेला एक कॉलेजकुमार आला. तात्या म्हणाले, “एअर धरलीय. एअर काढा.” ट्रॅक्टरवाला म्हणाला, “फिल्टर चोक झालाय.” चहावाल्याच्या मते डिझेलमध्ये पाणी होतं. प्रत्येकानं आपल्या गाडीला कधीकाळी झालेला रोग या गाडीला बहाल केला. चहावाल्याकडे गाडी नव्हती. पण पाण्याचा त्याचा अनुभव मोठा होता.

मग मोटारसायकलवरून स्कॅनरवाला आला. पाठीवर बॅग, शर्टाला डाग नाही. त्यानं स्टेअरिंगखाली वायर खुपसली आणि टॅबकडे बघत राहिला. पडद्यावर कोड उमटला, पी ०३३५, आणि त्याखाली इंग्रजीत त्याचा अर्थ: क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर ए सर्किट. त्यानं तो मोठ्यानं वाचला नाही. तो म्हणाला, “क्रँक सेन्सर गेला.” पैसे घेतले आणि तोही गेला.

शेवटचा शब्द सर्किट होता. तो कुणी ऐकला नाही, कारण तो कुणी उच्चारलाच नव्हता.

गर्दीत मात्र एकदम आनंद पसरला. रोगाला नाव मिळालं होतं. तात्यांनी लगेच मान्य केलं की आपल्याला पहिल्यापासून तीच शंका होती. आणि मामा ते वाक्य बोलले, जे गॅरेजात उच्चारलं की घड्याळाकडे बघणं सोडून द्यावं: “काय न्हाई, दोन मिनिटांचं काम हाय.”

आधी केबिन पुढे झुकवावी लागली. ट्रकची केबिन झुकली की ड्रायव्हरची सारी खासगी मालमत्ता पुढच्या काचेवर येऊन आदळते. कंगवा, चप्पल, पाण्याची बाटली, अर्धी सोललेली मोसंबी आणि टोलच्या पावत्या एकत्र गोळा झाल्या. देवाचा फोटो तेवढा जागचा हलला नाही. त्याला दोन स्क्रू होते.

मग पाना. दहा-अकराचा फिक्स पाना कुठल्याही गॅरेजात असतो, फक्त त्या वेळी नसतो. मामांच्या हाताखालच्या बारक्यानं तीन पेट्या उपशल्या. शेवटी तो मामांच्याच मागच्या खिशात निघाला, आणि ठेवल्याबद्दल बोलणी बारक्यालाच बसली. पाना बोल्टाला लागला, एकदा फिरला, दुसऱ्यांदा घसरला, आणि बोल्टाचं सहा कोनांचं डोकं त्या जागी गोल झालं. ग्रिप प्लायरनं चावून तो बोल्ट काढण्यात चहाची एक फेरी झाली.

आता सेन्सर मोकळा होता. म्हणजे त्याला धरून ठेवणारं कायदेशीर असं काही उरलं नव्हतं. तरी तो हलेना.

पहिला उपाय ओलाव्याचा. डिझेल सोडून झालं, रॉकेल सोडून झालं. तात्यांनी ब्रेक ऑइल सुचवलं. कॉलेजकुमारानं मोबाइलमध्ये बघून सांगितलं की कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक ऍसिड असतं आणि त्यानं गंज सुटतो. तो बाटली घेऊन आला, निम्मी सेन्सरवर ओतली आणि निम्मी स्वतःवर उपचार म्हणून घेतली. शेवटी मामांनी कपाटातून निळा-पिवळा स्प्रे काढला. डब्ल्यूडी-४० हे त्याचं नाव. अमेरिकेत १९५३ साली क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून चाललेल्या खटपटीत ते तयार झालं. एकोणचाळीस वेळा मिश्रण फसलं आणि चाळिसाव्यांदा जमलं, म्हणून ४०. तिकडे त्यांनी एकोणचाळीस वेळा फसूनही वाट पाहिली. इकडे स्प्रे मारून चहा गार व्हायच्या आत ड्रायव्हर म्हणाला, “आता मारा की जोर.”

जोर ही गोष्ट महाराष्ट्रात फुकट आणि मुबलक मिळते. ट्रॅक्टरवाल्यानं बाह्या वर केल्या. एकानं प्लायर लावला, दुसऱ्यानं खालून मोठा स्क्रूड्रायव्हर घातला. स्क्रूड्रायव्हरचा शोध स्क्रू फिरवण्यासाठी लागला हे ट्रकच्या गॅरेजात कुणाला सांगायला जाऊ नये. तिथं तो पहार आहे, छिन्नी आहे, डबा उघडायची किल्ली आहे आणि दुपारी पाठ खाजवायची सोय आहे. “हां, हां, येतोय, येतोय,” असं तात्या म्हणाले, आणि ‘कट्’ असा बारीक आवाज आला.

सेन्सर आला. निम्मा.

डोकं ट्रॅक्टरवाल्याच्या हातात आणि धड भोकात. तेवढ्यात सगळे अर्धं पाऊल मागं सरकले होते. गॅरेजच्या व्याकरणात ‘मी तोडला’ हे रूप नाही. तिथं वस्तू स्वतः तुटतात. “तुटला त्यो,” ट्रॅक्टरवाला म्हणाला. “आधीपास्नंच तडा हुता,” ड्रायव्हरनं साक्ष दिली. “प्लॅस्टिकच तसलं येतंय हल्ली,” तात्यांनी निकाल दिला. ट्रॅक्टरवाल्याला अचानक कारखान्यावरची आपली पाळी आठवली, आणि ज्या ट्रॉल्या तासभर त्याच्याविना उभ्या होत्या त्या मिनिटभरात दिसेनाशा झाल्या.

उरलेल्यांनी आता नवे उपाय काढले. एक म्हणाला, वर नट ठेवून वेल्डिंग मारा. सेन्सर प्लॅस्टिकचा आहे हे त्याला सांगितल्यावर त्यानं “मग गॅसनं तापवा” असा पर्याय दिला. भोवती डिझेल, रॉकेल आणि ब्रेक ऑइल शिंपडलेलं होतं. दुसरा म्हणाला, ड्रिल मारा. त्याचा चुरा आत फ्लायव्हीलवर पडेल आणि प्लॅस्टिक चुंबकाला चिकटत नाही, हे मामांनी त्याला समजावलं. तिसऱ्यानं गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला दिला. तो तसा बरोबर होता. मात्र एका अंगठ्याएवढ्या तुकड्यासाठी दिवसभराची मजुरी होती, आणि हे ऐकून ड्रायव्हरचा चेहरा शेठचा फोन आल्यासारखा झाला. मग सगळ्यांनी एकमतानं सर्वांत लोकप्रिय उपाय मांडला: “आत ढकला.”

मामा पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. “आत ढकललेलं उद्या मलाच काढायचं आसतंय.”

एवढा वेळ मामांनी गर्दीला तिचं काम करू दिलं होतं. आता त्यांनी बारक्याला चहाच्या टपरीवर पाठवलं, आणि तो चहा न आणता उकळत्या पाण्याची किटली घेऊन आला. मामांनी ते पाणी सेन्सरवर न ओतता त्याच्याभोवतीच्या हाउसिंगवर बेतानं, गोल गोल सोडलं. उकळत्या पाण्यानं आग लागत नाही आणि प्लॅस्टिकही वितळत नाही. गंजाचं कडं मात्र ढिलं होतं आणि दगड झालेलं रबर जरा माणसात येतं. किटली संपली तसा पुन्हा स्प्रे. मग मामा स्टुलावर बसून राहिले. गर्दीला हे पाहवेना. काहीच घडत नाही असं वाटून दोघे निघून गेले. खरं तर त्या दिवशी त्या इंजिनात काही घडत असेल तर ते त्याच वेळी घडत होतं.

“लांब स्क्रू पायजे, लाकडाचा,” मामा म्हणाले. गॅरेजात होते ते सगळे लोखंडाचे आटे पाडलेले. मी गाडीत चढलो आणि आमच्या दिवाणाच्या पिशवीतून एक काढून दिला. मामांनी तो तुकड्याच्या कडेला, मधल्या तांब्याच्या तारा वाचवून, हातानंच पिळत आत घातला. मग प्लायरनं धरला. ट्रॅक्टरवाल्यानं लावलेल्या जोराच्या चौथ्या हिश्शानं त्यांनी तो डावीकडे फिरवला, केसभर. उजवीकडे, केसभर. पुन्हा डावीकडे.

“वढायचं न्हाई,” ते बारक्याला सांगत होते. “आदी फिरवायचं. फिरला की त्यो आपला.”

तो फिरला. मग गिरक्या घेत घेत, कुरकुरत, वर आला. टोकाला लोखंडाच्या भुकटीची काळी दाढी होती. मामांनी ग्रीस लावलेलं बोट भोकाच्या तोंडाशी फिरवून सांडलेले कण टिपून घेतले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कारण बघायला आता तात्याच उरले होते. तात्या म्हणाले, “मी म्हणतच हुतो, फिरवा.”

नवा सेन्सर आणायला क्लीनर गावात गेला. दुकानदारानं तुटलेल्या डोक्याचा फोटो मागवून “अगदी तस्साच आहे” म्हणून जो दिला, त्याला तीन पिना होत्या. आमचा दोन पिनांचा. तीन पिनांचा बहुधा वेगळ्या तत्त्वावर चालतो, त्याला वरून वीज द्यावी लागते. पुन्हा फेरी. मग ओरिजिनल घ्यायचा की लोकल, यावर शेठशी फोन. ओरिजिनलचा भाव ऐकून शेठनं विचारलं की एवढ्यात सगळं इंजिन येतं का. लोकलचा भाव ऐकून विचारलं की हा चालतो का. शेवटी आला तो सेन्सर ओरिजिनल खोक्यात होता. त्यापलीकडे कुणी चौकशी केली नाही.

ओ-रिंगला ऑइल लावून मामांनी तो बसवला. डोकं फिरलेल्या बोल्टाऐवजी नवा घातला. केबिन मागे आली, कंगवा-चप्पल-मोसंबी पुन्हा मुक्कामी गेली. ड्रायव्हरनं देवाच्या फोटोला हात लावून चावी फिरवली.

सेल्फ फिरला. गाडी उचलली नाही.

त्या क्षणाचं वर्णन करणार नाही. तात्यासुद्धा गप्प होते, यावरून कल्पना यावी.

मामांनी कुणाला तरी हाक मारली आणि शेजारच्या टपरीतून वायरमन आला. तो सकाळपासून तिथंच बसून एका टेम्पोचा हॉर्न दुरुस्त करत होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि त्यानंही चौकशी केली नव्हती, कारण गॅरेजात मिस्त्री आणि वायरमन यांच्यात जुनी सीमारेषा असते. तो आला आणि त्यानं सेन्सरकडे पाहिलंही नाही. सेन्सरच्या कनेक्टरपासून वायरीची काळी नळी बोटांनी चाचपत मागे मागे गेला. हातभर अंतरावर, जिथं नळी एका क्लॅम्पखालून वळते, तिथं तो थांबला. आठ वर्षांच्या हादऱ्यांनी नळी क्लॅम्पवर घासून फाटली होती. आतली एक तार हिरवी पडून तुटलेली होती. त्यानं ती कापली, सोलली, पीळ दिला, कैया मारला, टेप गुंडाळली आणि म्हणाला, “मारा सेल्फ.”

गाडी पहिल्या झटक्यात उचलली.

मग वायरमननं एक क्रूर गोष्ट केली. कचऱ्यात पडलेलं जुन्या सेन्सरचं धड उचललं, तुटलेल्या तोंडातून डोकावणाऱ्या दोन केसाएवढ्या तारा नखानं खरवडल्या आणि त्यांना मीटर लावला. आकडा आला ८६०. या जातीच्या दोन पिनांच्या सेन्सरची गुंडाळी आठशे-नऊशे ओहमच्या घरात असली की ती शाबूत समजायची.

“सेन्सर चांगला हुता,” तो म्हणाला आणि हॉर्नकडे परत गेला.

म्हणजे ज्यानं आठ वर्षं अंधारात, धगीत, दाढी वाढेपर्यंत इमानानं दाते मोजले, त्याला आम्ही तो सांगत असलेली गोष्ट आमच्यापर्यंत पोचत नव्हती म्हणून मोडलं. ते तुटकं धड मी नंतर बराच वेळ पाहत होतो. त्याची शेवटची बातमीही खरी होती.

यात कुणाचा मूर्खपणा नव्हता, व्यवहार होता. सेन्सरला खोकं असतं, पार्ट नंबर असतो, भाव असतो, बिल असतं. तुटलेली वायर कुठल्या दुकानात मिळत नाही. म्हणून रोग नेहमी सेन्सरला होतो. कोडमध्ये ‘सर्किट’ लिहिलेलं असतं, म्हणजे सेन्सर, त्याची पिन, त्याची वायर आणि डब्यातली जागा, या चौघांपैकी कुणीही. पण चौघांवर संशय घ्यायला वेळ लागतो, आणि तोडायला एकच हाताशी असतो. त्या दिवशीच्या बिलात सेन्सरची रक्कम होती, तो काढायची मजुरी होती, बोल्ट होता, स्प्रे होता, स्कॅनर आधीच देऊन झाला होता. वायरमनचे पैसे विचारले तर तो म्हणाला, “चहाचं द्या.” ज्यानं गाडी सुरू केली त्याचं नाव बिलात नव्हतं.

तेव्हा वाचकहो, तुमची किंवा तुमच्या शेठची सेन्सरची गाडी रस्त्यात अशी रुसली आणि कुणी क्रँक सेन्सर म्हणालं, तर पाना आणायच्या आधी कनेक्टर उघडून बघा. पिन हिरवी पडली आहे का, आत दबली आहे का? चावी बंद ठेवून दोन पिनांच्या सेन्सरला मीटर लावा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याजवळ आला तर त्याला हात लावू नका, काहीच आला नाही तर गुंडाळी गेली. तीन पिनांचा असेल तर ओहम मोजून बहुधा काही कळणार नाही. तिथं वीज पोचते का ते पाहावं लागतं. वायरीची नळी शेवटपर्यंत बोटांनी चाचपा, विशेषतः क्लॅम्पखाली. आणि इतकं करून सेन्सर खरंच गेलेला निघाला, तर त्याच्याभोवतीची माती आधी साफ करा, स्प्रे मारून शक्य तर रात्रभर ठेवा, इंजिन कोमट असताना हात घाला, आधी फिरवा आणि मग ओढा. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. मदतीला आलेल्यांना चहा द्या, प्लायर देऊ नका.

साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. केबिनमध्ये पुढचा स्पीकर बसवण्याआधी तो घ्या.